करवतीमागोमाग डस्ट कलेक्टर : सुतारशाळेतील धुळीविषयी एक पाठ



आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी एखाद्या प्रशिक्षण केंद्राला यंत्र घ्यायला हातभार लावला असेल. कोणी शिलाई मशीन दिले असेल, कोणी पंप, कोणी संगणक. यंत्र पोहोचते, हार घालून फोटो निघतो, पावती येते. पुढे वर्षभराने ते यंत्र रोज चालते का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. या अंकातला पाठ अशाच एका यंत्राविषयी आहे. विषय विजेचा आणि सुतारकामाचा आहे, तरी घाबरू नका. ज्याला घरातला मेन स्विच ठाऊक आहे, त्याला हा पाठ समजेल.

शेडमध्ये काय घडत होते

आमच्या वसतिगृहामागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे पाड्यांवरून आलेली मुले सुतारकाम शिकतात. शेडमध्ये एक चक्री करवत, एक रंधा मशीन, लाकूड घोटायचा एक सँडर आणि कोपऱ्यात दोन हॉर्सपॉवरचा डस्ट कलेक्टर. हा डस्ट कलेक्टर म्हणजे मोठा पंखा आणि त्याच्यावर-खाली दोन पिशव्या. करवतीखालून आणि रंध्यामागून जाड पाइप निघतात, पंखा त्यांतून भुसा ओढतो, खालच्या पिशवीत भुसा साठतो आणि वरच्या पिशवीतून हवा गाळून बाहेर पडते.

यंत्र चांगले होते. अडचण एकच होती, ते कोणी चालू करत नव्हते. त्याचा स्विच शेडच्या दुसऱ्या टोकाला. दोन फळ्या कापायच्या तर तिकडे जायचे, चालू करायचे, परत यायचे, कापायचे, पुन्हा जाऊन बंद करायचे. शिवाय आवाज मोठा आणि वीजबिलाची धास्ती. त्यामुळे मुले म्हणायची, "सर, दोनच कट आहेत." दिवसभरात असे दोन-दोन कट शंभर होत.

आमच्याकडे शिकवणारे मिस्त्रीकाका चाळीस वर्षे सुतारकाम करत आले आहेत. मागच्या पावसाळ्याआधी त्यांना जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी तपासले. तरुणपणी विडीही होती, तेव्हा कारण एकच असे कोणी सांगू शकले नाही. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : "धुळीत किती वर्षे काम करता?" त्या दिवशी परत आल्यावर मी शेडच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे पाहिले. त्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती आणि तिच्यामागे सोळा-सतरा वर्षांची चार मुले उभी होती.

लाकडाची धूळ म्हणजे काय

आपल्याकडे भुसा हा घाण मानलाच जात नाही. चुलीला तो चालतो, गोठ्यात पसरतात, बर्फ झाकायला वापरतात. डोळ्यांना दिसणारा, पायाखाली साचणारा भुसा खरोखरच फारसा धोक्याचा नाही. तो जड असतो, खाली पडतो. धोका आहे तो न दिसणाऱ्या बारीक धुळीचा.

हे आकड्यांनी पाहू. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. शांत हवेत १०० मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण आपल्या नाकापासून जमिनीपर्यंत, सहा सेकंदांत खाली येतो. १० मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतराला आठ मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला लागतात जवळजवळ बारा तास. म्हणजे संध्याकाळी पाच वाजता सँडर बंद करून दार लावले, तरी सर्वांत बारीक धूळ पहाटे पाच वाजताही हवेत असते. मोठे कण नाकाच्या केसांत आणि घशात अडकतात. चार-पाच मायक्रॉनच्या खालचे कण थेट फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात.

यातून होणारे त्रास अनेक. नाक वाहणे, डोळे चुरचुरणे, खोकला, दमा. सागाच्या धुळीने काहींच्या हातांना आणि मानेला खाज सुटते, पुरळ उठते. साग काही सर्वांनाच बाधत नाही. पण ज्याला बाधतो त्याला पुढे थोडी धूळही सोसत नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट इंग्लंडमध्ये ध्यानात आली. लंडनच्या वायव्येला हाय विकम नावाचे गाव आहे. लाकडी खुर्च्यांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. बीच, ओक यांसारखे कठीण लाकूड तिथे रोज कापले आणि घोटले जाई. १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मी हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की, नाकाच्या आतल्या पोकळीचा एक एरवी फार दुर्मीळ असणारा कर्करोग त्यांच्या रुग्णांत वारंवार दिसतो आणि हे रुग्ण बहुतेक फर्निचरच्या कारखान्यांत काम केलेले आहेत. डोनाल्ड अॅचिसन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेला अभ्यास १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पुढे इतर देशांतही तेच आढळले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर आणि अॅस्बेस्टॉस याच गटात आहेत.

हा आजार काम सुरू केल्यावर लगेच होत नाही. मध्ये वीस, तीस, चाळीस वर्षे जातात. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला आज काहीच जाणवत नाही. जाणवेल तेव्हा तो कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस असेल.

ब्रिटनमध्ये आज कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागी मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम आहे. ३ मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नव्हे. चिमटीत येणारे मीठ त्याच्या कितीतरी पट असते.

आठवणीवर सोडलेले काम

आम्ही पहिला उपाय केला तो सगळ्यांच्या ओळखीचा. भिंतीवर पाटी लावली : "करवत चालू करण्याआधी डस्ट कलेक्टर चालू करा." आठवडाभर सर्वांनी पाळले. मग पाटीवरही धूळ बसली.

मुले बेफिकीर होती असे नाही. ज्याचे लक्ष पात्यावर आहे, त्याचे लक्ष दुसऱ्या स्विचवर नसते, आणि ते पात्यावरच असावे हे बरे. तेव्हा मुलांना रागावून उपयोग नव्हता. त्या स्विचचे काम माणसाच्या आठवणीतून काढून यंत्राकडे देणे हाच खरा उपाय होता. करवत सुरू झाली की डस्ट कलेक्टर स्वतः सुरू व्हावा, करवत थांबली की थोड्या वेळाने स्वतः थांबावा.

त्यासाठी यंत्राला एकच गोष्ट कळायला हवी : करवत चालू आहे की नाही. आणि ते सांगणारी वस्तू घरगुती ऑटोमेशनच्या बाजारात काही शे रुपयांत मिळते. तिचे नाव करंट सेन्सर.

करंट सेन्सर कसा काम करतो

आपला वायरमन तारेतून किती अँपिअर वाहतात हे मोजायला टाँग टेस्टर वापरतो. चिमट्यासारखा जबडा उघडतो, तार आत घेतो, जबडा मिटतो आणि पडद्यावर आकडा येतो. तार कापावी लागत नाही, सोलावीही लागत नाही. करंट सेन्सर म्हणजे तोच चिमटा, फक्त कायमचा लावलेला.

यामागचे तत्त्व जुने आहे. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे १८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी दाखवले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारच्या तारेत वीज निर्माण होते, हे १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी दाखवले. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन घेते, म्हणजे तिचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असते. चिमट्याच्या जबड्यात फेराइटचा गाभा असतो आणि त्याच्यावर बारीक तारेचे शेकडो वेढे. आतून जाणाऱ्या तारेत १०० अँपिअर वाहिले, तर २००० वेढ्यांच्या सेन्सरमधून त्याच्या दोन हजाराव्या भागाइतके, म्हणजे ५० मिलिअँपिअर बाहेर येतात. इतकी लहान वीज एक छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड सहज मोजू शकते.

आम्ही घेतलेला सेन्सर ३० अँपिअरला १ व्होल्ट देणारा आहे. त्यात आवश्यक तो रेझिस्टर आधीच बसवलेला असतो. नवशिक्याने हाच प्रकार घ्यावा. ५० मिलिअँपिअरच्या प्रकाराला बाहेरून रेझिस्टर जोडावा लागतो. तो न जोडता, मोकळ्या टोकांनी, चालू तारेवर सेन्सर ठेवला तर टोकांना जास्त व्होल्टेज येऊ शकते.

सेन्सरची तार ईएसपी३२ नावाच्या बोर्डाला जाते. हे बोर्ड काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असते आणि त्यात वाय-फाय असतो. त्यात ईएसपीहोम ही मोफत मिळणारी प्रणाली घातली की प्रोग्रॅम लिहिण्याची फारशी गरज राहत नाही. कोणत्या पिनला काय जोडले आणि केव्हा काय करायचे एवढे लिहून द्यायचे. होम असिस्टंट ही तिच्याच जोडीची मोफत प्रणाली जुन्या संगणकावरही चालते आणि सर्व यंत्रांची स्थिती मोबाइलवर दाखवते.

बोर्ड स्वतः मोटर चालू करू शकत नाही. ते एक लहान रिले चालू करते, रिले कॉन्टॅक्टरची कॉइल चालू करतो, आणि कॉन्टॅक्टर डस्ट कलेक्टरच्या मोटरला वीज देतो. स्मार्ट प्लग किंवा खेळण्यातला रिले थेट दोन हॉर्सपॉवरच्या मोटरला कधीही जोडू नये. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या सहापट वीज ओढते. त्या झटक्याने लहान रिलेचे संपर्कबिंदू चिकटून बसतात आणि मोटर बंदच होत नाही.

आमच्या हातून झालेल्या चार चुका

शिकताना चुका झाल्या. त्या इथे लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्याच पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

पहिली चूक. मी सेन्सर करवतीच्या अख्ख्या केबलभोवती लावला. करवत सुरू केली. मोबाइलवर आकडा शून्य. सेन्सर खराब आहे म्हणून मी दुसरा मागवणार होतो. वायरमन हसला आणि म्हणाला, "सर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्यात." फेजमधून जेवढी वीज जाते तेवढीच न्यूट्रलमधून परत येते. दोघींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून सेन्सरच्या आत फक्त फेजची तार हवी. त्यासाठी स्विचबोर्डच्या आत, जिथे तारा सुट्या होतात, तिथेच तो बसवावा लागतो.

दुसरी चूक. करवत सुरू केली आणि डस्ट कलेक्टर जवळजवळ मिनिटाने सुरू झाला. तोवर फळी कापून झाली होती. कारण साधे होते. आपण काही सांगितले नाही तर ईएसपीहोम हा आकडा दर साठ सेकंदांनी एकदाच घेते. ती वेळ एक सेकंद केली आणि प्रश्न मिटला.

तिसरी चूक मजेशीर आहे. तीन यंत्रांना तीन सेन्सर कशाला, असे म्हणून मी एकच सेन्सर शेडच्या मुख्य तारेवर लावला. करवत सुरू झाली, डस्ट कलेक्टर सुरू झाला. करवत थांबली, पण डस्ट कलेक्टर थांबेना. जेवणाच्या सुट्टीतही तो घोंघावत राहिला. कारण मुख्य तारेतून डस्ट कलेक्टरची स्वतःची वीजही वाहत होती. सेन्सरला वाटत होते की अजून काहीतरी चालू आहे, आणि ते "काहीतरी" म्हणजे तो स्वतःच होता. धडा असा की, सेन्सर कापणाऱ्या यंत्रांच्या तारेवर लावावा आणि डस्ट कलेक्टरची तार त्याच्या आधीच वेगळी निघालेली असावी.

चौथी चूक. सुरुवातीला करवत थांबल्यावर दहा सेकंदांनी डस्ट कलेक्टर बंद होईल असे ठेवले होते. पण मुले एक फळी कापतात, दुसरी उचलतात, खूण करतात, पुन्हा कापतात. त्यामुळे मोटर मिनिटामिनिटाला सुरू-बंद होऊ लागली. दुपारपर्यंत मोटरला हात लावता येईना. एकाच फेजवर चालणाऱ्या मोटरला सुरू होणे हेच सर्वांत कष्टाचे काम असते. आता आम्ही तो वेळ साठ सेकंद ठेवला आहे. सलग काम असले की मोटर मध्ये थांबतच नाही. शिवाय पाइपमध्ये उरलेला भुसाही पूर्ण ओढला जातो.

नियम कसे लिहिले

आमच्या बोर्डात आज हे पाच नियम आहेत. ज्याला असे करायचे आहे, त्याने आपल्या यंत्रांप्रमाणे आकडे बदलावेत.

१. कोणत्याही यंत्राची वीज ०.८ अँपिअरच्या वर गेली, तर दोन सेकंद थांबून डस्ट कलेक्टर सुरू करावा. हे दोन सेकंद महत्त्वाचे आहेत. करवत आणि डस्ट कलेक्टर दोन्ही एकाच क्षणी सुरू झाले, तर दोघांचा झटका एकत्र येऊन एमसीबी पडतो.

२. सर्व यंत्रांची वीज ०.४ अँपिअरच्या खाली येऊन साठ सेकंद झाले, तर डस्ट कलेक्टर बंद करावा. चालू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा मुद्दाम वेगळा ठेवला आहे. एकच आकडा ठेवला आणि वीज त्याच्याच आसपास हलत राहिली, तर कॉन्टॅक्टर टकटक करत बसतो.

३. वीज जाऊन परत आली, तर डस्ट कलेक्टर बंदच राहावा. आमच्याकडे भारनियमन असते. वीज आली आणि कोणाचा हात पिशवीत असताना पंखा फिरू लागला, असे होता कामा नये. करवतीलाही असा स्टार्टर हवा की वीज परत आल्यावर ती आपोआप सुरू होणार नाही.

४. हे सर्व नियम बोर्डातच असावेत, इंटरनेटवर अवलंबून नसावेत. डोंगरात नेटवर्क दोन दिवस नसते. तेव्हाही डस्ट कलेक्टर चालला पाहिजे.

५. हाताने चालवायचे बटणही असावे. ते दाबले की पंधरा मिनिटे डस्ट कलेक्टर चालतो. हाताने पॉलिश पेपर मारताना कोणतेच यंत्र चालू नसते, सेन्सरला काही कळत नाही, पण धूळ मात्र सर्वांत बारीक निघते.

०.८ हा आकडा कसा ठरवला? टाँग टेस्टरने प्रत्येक यंत्र मोजले. इंडक्शन मोटर रिकामी फिरत असली तरी पूर्ण भाराच्या साधारण निम्मी वीज ओढते, म्हणून करवत आणि रंधा ओळखायला काहीच अडचण आली नाही. अडचण सँडरची. तो जेमतेम एक अँपिअर घेतो. ३० अँपिअरच्या सेन्सरला एवढी लहान वीज नीट दिसत नाही. त्यावर एक सोपी युक्ती आहे. सँडरच्या फेजची तार सेन्सरच्या जबड्यातून पाच वेढे देऊन फिरवली की सेन्सरला पाचपट वीज दिसते. म्हणजे एक अँपिअर त्याला पाच वाटतो. मात्र प्रोग्रॅममध्ये त्या आकड्याला पाचने भागायला विसरू नये.

वीजबिलाचा हिशेब

बिलाच्या भीतीने यंत्र बंद ठेवले जात होते, म्हणून हा हिशेब मुलांकडूनच फळ्यावर करून घेतला. डस्ट कलेक्टर साधारण दीड किलोवॉट वीज घेतो असे धरू. सकाळी चालू करून संध्याकाळी बंद केला, तर आठ तासांचे बारा युनिट. पण प्रत्यक्ष कापणे आणि घोटणे मिळून दिवसाला दोन-अडीच तासच होते. तेवढाच वेळ तो चालला तर तीन ते चार युनिट. म्हणजे धूळ ओढली जाते आणि आठ युनिट वाचतात. सेन्सर, बोर्ड आणि कॉन्टॅक्टर यांचा खर्च डस्ट कलेक्टरच्या किमतीपुढे अगदी किरकोळ आहे.

सेन्सर जे करू शकत नाही

इथे थोडे थांबून मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर आपोआप चालते म्हणून आपण निर्धास्त होऊ, आणि तो धोका जुन्या धोक्याहून कमी नाही.

पिशवी पाहा. साध्या कापडी पिशवीतून सर्वांत बारीक धूळ गाळून थेट शेडच्या हवेत परत येते. मोठा भुसा पकडला जातो, डोळ्यांना शेड स्वच्छ दिसते, पण फुप्फुसात जाणारे कण तसेच राहतात. म्हणून एक मायक्रॉनपर्यंत गाळणारा फिल्टर घ्यावा, किंवा डस्ट कलेक्टर शेडबाहेर आडोशाला ठेवून हवा बाहेरच सोडावी. आम्ही दुसरा मार्ग घेतला, तो स्वस्त पडला. मात्र बाहेर फेकलेली हवा शेजाऱ्यांच्या ओसरीवर जात नाही ना, हे पाहायला हवे.

पाइप पाहा. भुसा वाहून न्यायला पाइपमध्ये हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. लांब, नागमोडी, सुरकुत्यांचा पाइप हा वेग खाऊन टाकतो. तीन यंत्रांच्या तिन्ही झडपा एकाच वेळी उघड्या ठेवल्या तर एकाही यंत्राला पुरेशी ओढ मिळत नाही. झडप उघडणे-मिटणे अजून आमच्याकडे हातानेच होते.

आग लक्षात ठेवा. बारीक धूळ हवेत पसरली तर ठिणगीने पेट घेते. लोखंड घासायचे ग्राइंडर कधीही याच पाइपला जोडू नये. भुशात लपलेली एक ठिणगी रात्रभर धुमसू शकते. पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करावी.

झाडू टाळा. दिवसभर ओढलेल्या धुळीचा फायदा संध्याकाळच्या दहा मिनिटांच्या झाडण्याने जातो. व्हॅक्यूमने ओढावे, किंवा पाणी शिंपडून मग लोटावे. कॉम्प्रेसरच्या हवेने अंग आणि कपडे झटकणे तर पूर्ण बंद करावे.

आणि मास्क राहतोच. घोटताना एन९५ मास्क नाकाला घट्ट बसलेला हवा. तोंडाला बांधलेला रुमाल मोठा भुसा अडवतो, बारीक धूळ नाही.

शेवटची सूचना विजेची. स्विचबोर्डच्या आतले काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, मेन बंद करून, आणि अर्थिंग तपासून. मुलांनी बोर्डाचे प्रोग्रॅम लिहावेत, सेन्सर समजून घ्यावा, आकडे मोजावेत. २३० व्होल्टच्या तारांना मात्र हात लावू नये.

आता शेडमध्ये

आता मुले करवतीचे बटण दाबतात. दोन सेकंदांनी कॉन्टॅक्टरचा खट् आवाज येतो आणि पंखा घुमू लागतो. पहिल्या आठवड्यात सगळे वळून पाहायचे. आता कोणी पाहत नाही. एकदा बोर्डाची तार निघाली आणि पंखा सुरू झाला नाही, तेव्हा एका मुलाने करवत स्वतःहून थांबवली आणि माझ्याकडे आला. "सर, आज खट् वाजला नाही," म्हणाला. पाटीने जी सवय लागली नव्हती, ती त्या आवाजाने लागली.

मिस्त्रीकाका अजून शिकवायला येतात. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितले आहे, म्हणून ते दारात खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच सांगतात, "बाळा, फळी दाबून धर, पाते बघ." त्यांचा दम पूर्ण गेलेला नाही. गेलेली वर्षे कोणताही सेन्सर परत आणत नाही. परवा ते मला म्हणाले, "आमच्या वेळी असं असतं तर आम्ही हसलो असतो, सर. म्हणालो असतो, सुताराला धुळीचं काय भ्या." मग थोडा वेळ आत पाहत बसले आणि म्हणाले, "पोरांना हसू देऊ नका."

वाचकहो, पुढच्या वेळी आपण एखाद्या केंद्राला यंत्र द्याल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : हे यंत्र वापरणे सोपे आहे का? स्विच कुठे आहे? बंद पडले तर कोण दुरुस्त करील? फिल्टर बदलायला पैसे कुठून येतील? यंत्राच्या किमतीच्या थोड्याशा भागात ते रोज वापरले जाण्याची सोय होते. तेवढा भागही देणगीत धरावा, ही विनंती.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात किंवा कामाच्या जागी असे कोणते सुरक्षेचे साधन आहे, जे आहे पण वापरले जात नाही? न वापरण्याचे खरे कारण काय : आळस, की ते वापरणे अवघड आहे?

२. मुख्य तारेवर लावलेल्या सेन्सरमुळे डस्ट कलेक्टर का थांबला नाही? आपल्या शब्दांत समजावून सांगा.

३. चालू होण्याचा आकडा ०.८ आणि बंद होण्याचा ०.४ असा वेगळा का ठेवला?

४. आपल्या परिसरात सुतार, गवंडी, दगड फोडणारे किंवा पिठाच्या गिरणीत काम करणारे कोण आहेत? त्यांना धुळीचा त्रास होतो का, हे या महिन्यात त्यांच्याशी बोलून पाहा.

करून पाहा

बंद खोलीत खिडकीच्या एका फटीतून ऊन येऊ द्या आणि एक जुनी चादर झटका. उन्हाच्या पट्ट्यातले कण किती वेळ तरंगतात ते घड्याळ लावून पाहा. पट्टा स्वच्छ दिसू लागला तरी लक्षात ठेवा की, सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसतच नाहीत आणि ते अजून तिथेच आहेत. हा प्रयोग मुलांना घेऊन करावा. आमच्या शेडमधल्या मुलांना मास्क का लावायचा हे भाषणाने पटले नव्हते, या उन्हाच्या पट्ट्याने पटले.